रिकाम्या घटकेचा धनी

कष्टकरी माणसाला दिवस मावळल्यावर जी घटका-दोन घटका उसंत मिळते, तिचा धनी कोण? प्रश्न जुनाच आहे. पूर्वी या घटकेवर पारावरच्या गप्पांचा हक्क असे, हल्ली ती मोबाईलकडे जाते. मोबाईलला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. वारीत चुकलेले माणूस त्याच्यामुळेच लवकर सापडते, आणि एकट्या पडलेल्या म्हातारीला लेकराचे तोंड त्यातच दिसते. पण त्यावरची चित्रे बोटाने वर सारीत राहणे हा विसावा आहे का, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

या सारण्याला शेवट नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. पूर्वी पान संपले की पुढचे उघडायला बोट दाबावे लागे. तेवढ्यात मन विचारी, आता पुरे का? 2006 साली एझा रास्किन या अमेरिकन आखणीकाराने पान आपोआप लांबत जाण्याची युक्ती काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद केला. ग्रंथाला अध्याय असतात, कीर्तनाला शेवटी आरती असते. इथे उठायची जागाच काढून घेतलेली!

‘‘आम्ही तर देवाचेच ऐकतो,’’ असे काही माळकरी म्हणतील. खरे आहे, कीर्तनाचेही तुकडे पुष्कळ येतात. पण एका तुकड्यात नामाचा महिमा, दुसऱ्यात सोन्याचा भाव, तिसऱ्यात कोणाचे तरी भांडण, असे तासभर ऐकल्यावर पहिल्या तुकड्यात काय होते ते सांगून पाहावे, माऊली.

मग करावे काय? काही नवे शिकावे, आणि केवळ आनंदासाठी शिकावे. यावर लगेच कोणी म्हणेल, या वयात शिकून उपयोग काय? गंमत अशी की तासभर बोट सारताना हा उपयोगाचा हिशेब कोणी मागत नाही.

उदाहरण दूरचे नको. मुंबईत गोरेगावला आरे कॉलनी आहे. शहरातल्या म्हशींच्या गोठ्यांसाठी 1949 साली ती वसवली. 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली, तेव्हा तिचे नाव घरोघर पोचले. पण त्याच्या कितीतरी आधी, 2010 साली, झीशान मिर्झा आणि राजेश सानप या तरुण अभ्यासकांनी तिथल्या एका विंचवाची नवी जात जगापुढे मांडली. तिला नावही आरेचेच मिळाले, लायकस आरेएन्सिस. नाथांच्या भारुडातला विंचू आपण नाचून गातो, आणि खरा दिसला की चप्पल शोधतो. त्याच्यापासून हातभर दूर राहावे हे खरेच. पण अतिनील दिव्याच्या उजेडात तो हिरवा-निळा चमकतो, त्याची मादी पिलांना पाठीवर घेऊन हिंडते, हे कळल्यावर त्याच विंचवाकडे पाहण्याची नजर पालटते. यात पैसा नाही, पदवी नाही.

विंचू नको तर झाडे घ्यावीत. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण जन्मभर वापरतो. पण किती जणांनी ती पाने मोजली? आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पळस आहे, गावाकडे तर आहेच. पावसाळ्यात त्याचे पान हाती घेऊन पाहावे. शास्त्र म्हणते, ही तीन पाने नव्हेतच. एका देठावरच्या एकाच पानाची ती तीन दळे. काटेसावरीचे पान पाहावे, तर उघडलेल्या पंज्यासारखी पाच-सात दळे. ज्याला यातले एकही झाड ओळखता येत नाही, त्याला आरेतली तोड हा नुसता आकडा ऐकू येतो. आम्हांला यातच मोठी हानी वाटते.

एक भय मात्र आहे. पान हाती येताच त्याचे चित्र काढून चार ठिकाणी धाडावे, मग किती जणांनी वाखाणले ते घटके-घटकेला पाहावे. म्हणजे पुन्हा तेच बोट, तीच काच. पखवाज शिकणारालाही हे लागू आहे. पहिले सहा महिने बोल घरातच चुकू द्यावेत. शेजारी कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.

आणि पळस ओळखू आला की पांगारा पाहावा. त्याच्याही पानाला दळे तीनच. मग म्हण पळसाचीच का झाली?