वाणाचे नाव आणि मातीचे देणे

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर काळी माती एकच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले. सीमा सरकली, शेतीचे प्रश्न मात्र सामाईक राहिले. पलीकडे आदिलाबादेतच राहिलेल्या जैनथ-बेलाच्या शिवारात आजही मराठी कानावर पडते आणि कापसाच्या जोडीला सोयाबीन उभे दिसते.

शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने ताण दिला की या सोयाबीनमधली काही झाडे उभ्याउभ्या सुकतात. बुंध्याची साल खरवडली तर आत कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. ही मॅक्रोफोमिना बुरशी; तिचे हे कठीण कण मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. अशा वेळी शेतकरी विचारतो, ‘पुढच्या वर्षी कोणते वाण घेऊ?’ जबलपूरचे जेएस 335, परभणीचे एमएयूएस 71, तांबेऱ्याला तोंड देणारे कसबे डिग्रजचे फुले संगम, अशी नावे पुढे येतात. प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे.

प्रतिकाराचा गुण बियाण्यात असतो. तो अमलात आणायला मात्र मातीतून साहित्य यावे लागते. बुरशीला अडवणारे लिग्निन घडवण्यात मँगनीज आणि तांबे लागते. पेशीभित्तिका बांधून धरायला बोरॉन हवे. पेशीपटल शाबूत ठेवायला जस्त हवे. ते कमी पडले की मुळांतून साखर आणि अमिनो आम्ले बाहेर झिरपतात आणि बुरशीला आयते अन्न मिळते. ही द्रव्ये पिकाला अगदी थोडी लागतात, म्हणून ती हिशेबातून सहज सुटतात.

चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असते, पण विम्लतेमुळे ते मुळांना मिळत नाही. डीएपीचा मारा वाढला की स्फुरद जस्ताची वाट अडवते. इथे वाणावाणांतला फरक उघड होतो. काही वाणांची मुळे भोवतालची माती आम्लधर्मी करून लोह विरघळवून घेतात. काहींची पाने त्याच शेतात पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. लोह वापरण्याची ही क्षमता सोयाबीनमध्ये आनुवंशिक असते, हे मार्टिन वाइस यांनी अमेरिकेत 1943 मध्येच दाखवले होते.

तरीही रोगट झाडात जस्त कमी सापडले, म्हणून जस्ताच्या अभावानेच रोग आला असा निष्कर्ष घाईचा ठरतो. मूळ कुजले की शोषणही थांबते. कमतरता कधी रोगाचे कारण असते, कधी त्याचा परिणाम. गव्हाच्या मुळांवरची टेक-ऑल बुरशी तर मातीतल्या मँगनीजचे रूप बदलून ते पिकाच्या आवाक्याबाहेर नेते. शिवाय लोह बुरशीलाही हवेच असते. म्हणून नुसते ‘जास्त घाला’ हे उत्तर नाही. माती परीक्षणात उपलब्ध जस्त दर दशलक्ष भागांत साधारण 0.6 च्या खाली असेल तर झिंक सल्फेटला अर्थ आहे. अंदाजाने टाकलेल्या पोत्याला नाही.

सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे शेतकरी घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरू शकतो. दाण्यात साठलेले जस्त आणि मँगनीज हीच रोपाची पहिल्या दिवसांतली शिदोरी असते. उपाशी शेतात पिकलेला दाणा नावाने त्याच वाणाचा असतो, पण ती शिदोरी त्याच्याजवळ अपुरी असते. वाणाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. मातीचे देणे मात्र दर हंगामात नव्याने मिळवावे लागते. म्हणून वाण निवडताना ते कोणत्या मातीत तपासले गेले आणि आपल्या मातीत काय उणे आहे, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत. संशोधन केंद्रांनीही उत्पादन आणि रोगाच्या नोंदीशेजारी दाण्यातल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची नोंद ठेवली, तर शेतकऱ्याच्या अर्ध्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देता येईल.