खिशातलं धैर्य

लातूरला आमच्या मेव्हण्यांची आडत. रात्री रोकड घेऊन घरी येतात, म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हर हवं. खिशात मावणारं, कुणाला न दिसणारं. परवाना कलेक्टर देणार, निवड मात्र माझ्या गळ्यात! कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली काढलेलं ‘निर्भीक’ मी सुचवलं. बत्तीस बोअर, वजन अर्धा किलो.

मेव्हण्यांनी खिशात अर्ध्या किलोचं माप टाकून पाहिलं. “दाजी, सदरा लोंबायलाय की ओ!”

आमच्या नांदेडात कृपाण लावलेली माणसं गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर रोज भेटतात. तो धर्माचा भाग. पण जे आहे ते उघड. लपवलेल्या हत्याराचा चोराला धाक वाटावा कसा? ते बाहेर निघणार म्हणजे थेट झाडायलाच.

“झाडाल?” मी विचारलं.

मेव्हणे बराच वेळ गप्प.

“ओळखीचा निघाला तर ओ?”

हल्ली रोकड दिवसाउजेडीच बँकेत जाते.