उतरलेल्या वजनाची वाच्यता

आपल्या समाजात आजारांची एक अलिखित वर्गवारी रूढ आहे. काही आजार सांगण्याचे, काही झाकण्याचे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून घेतलेला गृहस्थ महिन्याभराने कट्ट्यावर येऊन बसला, की अडथळा किती टक्के होता, डॉक्टर कोण होते आणि बिल किती झाले, हा सर्व तपशील तो कोणी न विचारता सांगतो, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयीचा आदर कणभर वाढलेलाच असतो. दोन्ही गुडघे बदलून घेतलेल्या आजीबाई भिशीच्या दिवशी नव्या गुडघ्यांनी जिना चढून दाखवतात. परंतु त्याच शहरात, कदाचित त्याच रुग्णालयाच्या त्याच मजल्यावर, वजन उतरावे म्हणून जठराचा आकार लहान करून घेतलेली त्यांची भाची मात्र कचेरीतल्या रजेच्या अर्जावर ‘पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया’ असे कारण लिहिते, सासरी तेच सांगते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या न झालेल्या खड्यांचा इतिहास ध्यानात ठेवून बोलत राहते.

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घेतल्याची वाच्यता करावी की करू नये, हा प्रश्न सामान्यतः भिडस्तपणाचा किंवा धीटपणाचा समजला जातो. मला तो न्यायाचा प्रश्न वाटतो. कोणाला काय कळण्याचा हक्क आहे, कोणाला मुळीच नाही, आणि आपल्या मौनाची किंमत नेमकी कोण चुकवतो, याची शांतपणे छाननी केल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे हे पाहू. कारण लपवण्याचे निम्मे कारण तिच्याविषयीच्या अज्ञानात आहे. पोटावरची चरबी ओढून काढण्याचा जो सौंदर्योपचार असतो, त्याच्याशी हिचा संबंध नाही. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे पाऊण हिस्सा काढून टाकून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी राखून ती खालच्या आतड्याला जोडतात. या विद्येचा उगम १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा येथे झालेल्या आतड्याच्या बायपासपर्यंत मागे नेता येतो. आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास जठराच्या बायपासचा पाया घातला. शस्त्रक्रिया कोणावर करावी याचे दंडक १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने घालून दिले : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक ४० असावा, किंवा मधुमेहासारखी गंभीर व्याधी सोबत असल्यास ३५. शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली हे दंडक सैल करून आशियाई वंशाच्या माणसांसाठी २७.५ पासूनच या उपायाचा विचार करावा असे सांगितले. कारण आपल्या देहात मधुमेह तुलनेने कमी वजनावरच घर करतो.

लहान पोटात कमी अन्न मावते, एवढीच या उपचाराची करामत नाही. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग ‘स्लीव्ह’मध्ये काढला जातो, आणि तृप्तीचा निरोप मेंदूला देणारी आतड्यातील संप्रेरके शस्त्रक्रियेनंतर अधिक प्रमाणात स्रवू लागतात. याउलट केवळ आहार तोडून जो वजन उतरवतो, त्याच्या देहात घ्रेलिन वाढते, ऊर्जेचा खर्च मंदावतो, आणि गमावलेले वजन वसूल करण्यासाठी देह एखाद्या चिवट सावकारासारखा तगादा लावतो. स्वीडनमध्ये १९८७ साली आरंभ झालेल्या दीर्घ पाहणीचे जे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण तशाच स्थूल परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांहून कमी आढळले. असे असता या उपचाराला ‘सोपी पळवाट’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की या पळवाटेवर आरंभीचे काही आठवडे द्रव व मऊ अन्नावर काढावे लागतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गळतात, जेवताना पाणी पिता येत नाही, आणि जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर चुकत नाहीत.

मग लाज कशाची? माझ्या मते तिचे मूळ असे, की आपण वजनाला प्रकृती न मानता वर्तणूक मानतो. स्थूल माणसाकडे पाहून त्याच्या ग्रंथींचा किंवा आनुवंशिकतेचा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्याच्या जिभेचा येतो. शतकानुशतके व्रते, उपास आणि जिव्हाजयाचे गोडवे गाणाऱ्या समाजात कृशता ही तपाची फलश्रुती ठरते, आणि तप न करता मिळालेले फळ चोरीचे ठरते. म्हणून वजन वाढले तो एक अपराध, आणि ते शस्त्राने उतरवले तो दुसरा. पहिला अपराध अंगावर वागवणे अटळ होते, दुसरा निदान झाकता येतो. जोडीला स्थूल देहाला आपण सार्वजनिक मालमत्ता समजतो, हेही आहेच. ‘किती सुटलीस गं’ हे वाक्य ज्या सहजतेने मांडवात सर्वांदेखत उच्चारले जाते, त्या सहजतेने आपण कोणाच्या कर्जाविषयी बोलत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका ख्यातनाम लेखिकेने एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र बंदोबस्तावर कोटी करीत समाजमाध्यमावर टाकले. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला होता, आणि आपले वजन आजाराने वाढल्याचे त्याने सांगितले. पुढे मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिचीही बातमी झाली. सांगावे की न सांगावे हा विकल्पच त्याच्यासाठी उरला नव्हता.

ज्यांना हा विकल्प असतो, त्यांनाही तो फार काळ निर्वेध उपभोगता येत नाही. कारण महाराष्ट्रात माणसाची झडती पंगतीत होते. शस्त्रक्रियेला सहा महिने झालेली स्त्री लग्नाच्या पानावर बसली आहे असे समजा. चमचाभर वरणभात, पोळीचा चतकोर आणि दोन घास भाजी एवढ्यावर ती थांबते. प्रत्येक घास तिला सावकाश, लगदा होईतो चावायचा असतो, आणि शेजारच्या पंक्तीत ताकाची वाटी ओठाला लागली तरी तिने ती लावायची नसते. तेवढ्यात यजमानीणबाई जिलबीचे ताट घेऊन समोर उभ्या राहतात आणि ‘एक तरी, माझ्या हातची’ म्हणून आग्रह करतात. बायपास झालेल्या माणसाने ती जिलबी खाल्ली, तर साखर झपाट्याने आतड्यात उतरून अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, दरदरून घाम आणि घेरी येण्याचा संभव. न खाल्ली, तर यजमानीणबाईंचा मान मोडतो. आणि हात धुताना प्रश्न येतोच : ‘दीक्षित की दिवेकर?’ दोन वेळाच जेवा असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोडे थोडे वारंवार खा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर, या दोन पंथांत गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गाची अशी काही वाटणी झाली आहे, की बारीक झालेला माणूस यांपैकी एका गुरूचा शिष्य असलाच पाहिजे, हे गृहीतच धरले जाते.

या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात, आणि माझ्या प्रतिपादनाचा सारा भार त्या तिहींतील भेदावर आहे. पहिले उत्तर, ‘शस्त्रक्रिया करून घेतली’ हे. दुसरे, ‘डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, पथ्य आहे’ हे. ते सत्य आहे, अपुरे आहे, आणि अपुरे ठेवण्याचा बोलणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. तिसरे, ‘काही नाही, दोन वेळा जेवते आणि रोज चालते’ हे. दुसऱ्या उत्तराने कोणाचे काही जात नाही. तिसऱ्या उत्तराने मात्र, त्या घोळक्याच्या कडेला उभी राहून निमूटपणे ऐकणाऱ्या, वजनाची शंभरी ओलांडलेल्या एखाद्या मुलीचे फार नुकसान होते. ती घरी जाऊन दोनच वेळा जेवते, रोज चालते, सहा महिन्यांत चार किलो उतरवून पाच परत मिळवते, आणि आपल्यात निर्धाराचा अंश नाही असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळी होते. सांगणारीने आपली लाज राखली खरी, परंतु तिची किंमत तिने दुसरीच्या खात्यावर मांडली. म्हणून माझे म्हणणे असे, की मौन हा हक्क आहे, आणि न केलेल्या तपाचे श्रेय घेणे हा अपहार आहे.

अमेरिकेतील दोन प्रसिद्ध उदाहरणे या भेदावर प्रकाश टाकतात. न्यू जर्सीचे तत्कालीन राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत जठराभोवती पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया गुपचूप करून घेतली. मे महिन्यात वृत्तपत्राला सुगावा लागताच त्यांनी ती कबूल केली, आणि आपण ती मुलाबाळांसाठी केली असे सांगून विषय संपवला. दूरचित्रवाणीवर इतरांना मनमोकळे प्रश्न विचारणाऱ्या स्टार जोन्स यांनी २००३ साली बायपास करून घेतला. परंतु पुढे कित्येक वर्षे त्या ‘वैद्यकीय मदत’ यापलीकडे काही सांगेनात, आणि २००७ साली एका मासिकात त्यांनी सविस्तर कबुली दिली, तोवर प्रेक्षकांचा विश्वास बराच ढळला होता. लोकांना शस्त्रक्रिया खुपली नाही. इतरांच्या अंतःपुरात शिरणाऱ्या व्यक्तीने आपल्याच दारावर पहारा ठेवावा, हे खुपले. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०११ साली आणि अरुण जेटली यांनी २०१४ साली अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर झाले, आणि त्यांच्या राजकारणाला त्यामुळे काडीमात्र बाधा आली नाही. अर्थात हेही मान्य केले पाहिजे, की पुरुषाने, त्यातही पुढाऱ्याने, केलेली ही शस्त्रक्रिया ‘प्रकृतीसाठी’ समजली जाते. तीच तिशीतल्या मुलीने केली, तर ‘लग्नासाठी’ समजली जाते. तिच्या मौनाचा न्याय करताना हा पक्षपात विसरता कामा नये.

काही माणसे मात्र अशी आहेत, की ज्यांच्यापुढे मौनाचा हक्कही चालत नाही. त्यांतला पहिला, कोणताही उपचार करणारा वैद्य. बायपास झालेल्या माणसाने कंबरदुखीवर घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, तर जोडाच्या जागी व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. बेशुद्ध अवस्थेत नाकातून जठरात नळी घालणाऱ्याला आतली रचना बदललेली आहे हे ठाऊक नसेल, तर तीच नळी घातक ठरू शकते. यास्तव घरातल्या एका तरी माणसाला सर्व ठाऊक असणे आणि पाकिटात तशी चिठ्ठी असणे, हे शिष्टाचारापेक्षा प्राणरक्षणाचे काम आहे. दुसरी, विमा कंपनी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित शब्दरचनेत ठरावीक निकष पुरे झाल्यास आरोग्यविम्यात या शस्त्रक्रियेच्या खर्चाला वाव ठेवला आहे. परंतु प्रस्तावपत्रातील प्रश्नाला खोटे उत्तर देणाऱ्याचा पुढचा दावा फेटाळला गेल्यास त्याला फिर्याद करायला तोंड उरत नाही.

तिसरी व्यक्ती, नियोजित जोडीदार. आणि येथेच आपल्या घरांत सर्वाधिक खलबते होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात, प्रतिवादीविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत कपट करून संमती मिळवली असल्यास विवाह रद्द करण्याची तरतूद आहे. ही शस्त्रक्रिया त्या व्याख्येत बसते की नाही, याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. नीतीच्या दृष्टीने तो गौण आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असे डॉक्टर बजावतात, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. ज्याच्याबरोबर संसार मांडायचा, त्याला हे ठाऊक नसणे हा अन्यायच होय. परंतु जोडीदाराला सांगणे म्हणजे त्याच्या मावशीला, आत्याला आणि मध्यस्थाला सांगणे नव्हे. पाहण्याच्या कार्यक्रमात सर्वांसमोर असली जबानी घेण्याचा मुळी कोणाला अधिकार नाही. हे बोलणे दोघांनी, दोघांतच करावे.

यावर असा एक आक्षेप येईल, की सर्वांनीच उघडपणे सांगितले तर लाज आपोआप मावळेल, तेव्हा प्रत्येकाने सांगणे हे सामाजिक कर्तव्यच होय. ध्येय म्हणून हे मला मान्य आहे. कर्तव्य म्हणून मान्य नाही. रोग्यावर उपचाराखेरीज समाजसुधारणेचाही भार लादणे अन्यायाचे आहे. सांगितल्यावर आपले ताट सर्वांच्या देखरेखीखाली येते, हा अनुभव पुष्कळांना आहे. आणि दोन-तीन वर्षांनी थोडे वजन परतू लागले (अनेकांचे परतते), की ‘एवढा खर्च करून काय मिळवलंस’ असे विचारायला तीच मंडळी हजर होतात. हे सोसण्याचे बळ ज्याच्यात आहे त्याने जरूर सांगावे. ज्याच्यात नाही, त्याच्या मौनाला भेकडपणा म्हणू नये.

२०२५ साली मोंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी, आठवड्याला घ्यायची इंजेक्शने भारतात विक्रीस आल्यापासून हा प्रश्न शस्त्रक्रियागृहाबाहेरही पसरला आहे. आता तर पोटावर टाक्याचीही खूण राहत नाही. तेव्हा लपवणे अधिक सोपे होईल, आणि न केलेल्या तपाच्या कथा पंगतीतून अधिक ऐकू येतील. विचारणाऱ्याने आपली जिज्ञासा आवरावी आणि ‘प्रकृती बरी आहे ना’ एवढ्यावर थांबावे, ही अपेक्षा आहेच. परंतु ज्याचे वजन उतरले आहे, त्याच्यावर एक ऋण राहते आणि ते नाकारता येत नाही. कुतूहलाने विचारणाऱ्या शंभर जणांना ‘पथ्य आहे’ एवढेच सांगून वाटेला लावण्याची त्याला मुभा आहे. पण त्यांच्यातली एखादी व्यक्ती, स्वतःच्या वजनाने गांजलेली, सगळे पांगल्यावर जवळ येऊन हलक्या आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारील, तेव्हा तिला डॉक्टरांच्या पत्त्यापासून गळलेल्या केसांपर्यंत सारे खरे सांगितले पाहिजे. कारण त्या घटकेला हा प्रश्न सांगणाऱ्याच्या अब्रूपुरता उरलेला नसतो.