ब्लेड, कॉर्क आणि वाणीची धार



आजचा श्लोक गीतेच्या १७ व्या अध्यायातला १५ वा, वाणीच्या तपाचा. बोलणं कुणाला अस्वस्थ न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, आणि जोडीला स्वाध्याय असावा, असं भगवंत सांगतात. एकाच वाक्यात चारही गुण आणायचे कसे?

आपल्यातले काही जण हल्ली पुन्हा सेफ्टी रेझरकडे वळलेत. त्यांच्यात एक युक्ती चालते. नवं ब्लेड फार बोचरं वाटलं, तर दाढीआधी त्याची धार कॉर्कमधून हलकेच एकदा ओढून घ्यायची. धार बोथट करायची नसते. तिच्यावरचा बारीक खरखरीतपणा तेवढा काढायचा असतो. जास्त ओढलं, तर ब्लेडच वाया!

वाणीचंही तसंच. सत्य ही धार, ती हवीच. पण आपण नवे साधक असलो की त्या धारेवर "मला कळलंय, तुला नाही" असं कुसळ राहतं. समजा, मित्राचे वडील गेले. आपण नुकताच दुसरा अध्याय वाचलेला. लगेच मेसेज जातो: आत्मा अमर आहे, रडू नकोस. वाक्य खरं आहे हो, पण त्या रात्री ते त्याला कापत जातं. भगवंतांनी हा उपदेश कधी केला ते पाहा. अर्जुन ७ व्या श्लोकात शिष्य म्हणून शरण आला, मार्ग विचारला. आत्म्याची गोष्ट त्यानंतर, ११ व्या श्लोकापासून.

कठोपनिषदात यमधर्म नचिकेताला ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड असल्याचं सांगतात. ती धार आपण चालायची आहे, दुसऱ्यावर चालवायची नाही.

मग कॉर्क शोधायचा कुठे? बाटलीची बुचं हल्ली पुष्कळदा प्लास्टिकची असतात. खरा कॉर्क चांगल्या बॅडमिंटन शटलच्या बुडाशी सापडतो, किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात. तो म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. पोर्तुगालमध्ये झाड न तोडता ती सोलतात आणि पुन्हा सोलायला निदान ९ वर्षं थांबतात. तेवढ्यात झाड नवी साल धरतं.

मऊपणाही असाच, सोसलेल्या माणसाकडे मिळतो. घरातली आजी अशा वेळी काय बोलते, किती गप्प बसते, ते बघा. नुसता हात जोडलेला इमोजी म्हणजे प्लास्टिकचं बूच. दिसायला तसंच, कामाला नाही.

आजची साधना: खरं सांगण्याआधी एकदा स्वतःला विचारा, समोरच्याने विचारलंय का? आणि त्या मित्राकडे आज डबा घेऊन जा. शेजारी बसा. अमरत्वाचं तो विचारेल तेव्हा सांगू.

जय हरी!