होकाराआधीचा अर्धा तास

हनुवटी पुढे आणायला येणाऱ्या पेशंटला मी जे सांगतो, ते मला झोपेतही पाठ म्हणता येईल. हनुवटीखाली किंवा ओठाच्या आत छोटा छेद घ्यायचा, हाडाला लागून जागा करायची आणि तिथे काही मिलिमीटर जाडीचं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. काम तासाभराचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असेल, आरशात बघून घाबरू नका. काही दिवस मऊ खा, डोकं उंचावर ठेवून झोपा. दोनेक आठवड्यांत चारचौघांत वावरता येईल, पण शेवटचा आकार दिसायला कित्येक महिने जातील. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस शेजारीच असते. ओठ बधिर झाला तर बहुधा पूर्ववत होतो, क्वचित होत नाही. जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढावं लागू शकतं, ते सरकू शकतं, त्याच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजूही शकतं.

यात मी काही लपवत नाही. पेशंट संमतिपत्रावर सही करतो, कायद्याचं काम भागतं. माझं भागत नाही. कारण ‘करू या’ म्हणताना मी आणखी एक गोष्ट करतो, जी त्या कागदावर नसते. तुझ्या चेहऱ्यात खोट आहे, असा दाखला मी त्याला देतो. तोवर ती त्याची शंका असते, कुणा मामेभावाने केलेली थट्टा असते. डॉक्टरने मान हलवली की ते निदान होतं. इम्प्लांट उद्या काढता येईल, हे निदान काढता येत नाही.

मध्ये एक तरुण आला होता. फोनवर स्वतःचा सेल्फी मोठा करून दाखवत म्हणाला, “सर, नाकच नाक दिसतं, हनुवटी नाहीच.” मी त्याचा बाजूने काढलेला फोटो संगणकावर घेतला आणि माउसने हनुवटी जराशी पुढे ओढली. त्यानंतर त्याने मूळ फोटोकडे पाहिलंच नाही. २०१८ साली एका अमेरिकी शोधपत्रिकेत गणित मांडलं होतं : पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आणि नाक मोठं दिसलं की हनुवटी आपोआप लहान वाटते. हे मी पेशंटला सांगतो का? सांगतो, पण ज्याला परत पाठवायचं आधीच मनात असतं, त्याला.

हा सगळा धंदा खोटा आहे, असं मला म्हणायचं नाही. खरोखर आत गेलेली हनुवटी पुढे आल्यावर माणूस मान वर करून बोलू लागलेला मी पाहिला आहे. पण खालचा जबडाच मागे असेल, दातांवर दात नीट बसत नसतील, तर इम्प्लांटने दोष फक्त झाकला जातो. खरा उपाय दातांच्या तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया हा असतो, तो लांबलचक आणि खर्चिक. जबडा निमुळता करायला हाड तासलं, तर ते परत भरून येत नाही, आणि आधार गेलेली कातडी सैल पडू शकते.

आमच्या शाखेतले लोक पुण्याच्या कावसजीची गोष्ट अभिमानाने सांगतात. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक मिळालं, आणि १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीगत छापली. मीही ती सांगत आलो. पण कावसजीला नाक नाही, हे कोणा वैद्याला ठरवावं लागलं नव्हतं. माझ्या खुर्चीसमोर बसलेल्याच्या बाबतीत ते मी ठरवतो, आणि ठरवण्यावरच माझं उत्पन्न अवलंबून असतं.

म्हणून हल्ली विचारतो, “हे केल्यावर काय बदलेल?” फोटो बरे येतील, असं उत्तर आलं तर पुढे बोलता येतं. लग्न जमेल, ऑफिसात मान मिळेल, असं आलं तर मी नाही म्हणतो. तो उठतो आणि दुसऱ्या क्लिनिकचा जिना चढतो. म्हणजे माझा नकार त्याला वाचवत नाही, मला वाचवतो. त्याला वाचवायचं तर नकाराबरोबर अर्धा तास द्यायला हवा, बिल न लावता. हिशेब तिथे अडतो, कारण बाहेर पुढचा पेशंट बसलेला असतो आणि त्याला बहुधा मी हो म्हणणार असतो.