आवृत्ती, अवधान आणि चेंडू सोडणारे यंत्र

मनाच्या सहभागावाचून केलेली आवृत्ती फळ देते काय, हा प्रश्न जप, पाठांतर आणि नित्यकर्म यांना महत्त्व देणाऱ्या प्रत्येक धर्मपरंपरेला पडलेला आहे, आणि त्याची उत्तरे एकाच परंपरेच्या आतही परस्परविरोधी आहेत. तिबेटी बौद्ध प्रदेशांत मंत्रलिखित कागदांच्या गुंडाळ्या पोटात असलेली चक्रे भाविक हाताने फिरवितात, तशीच ती ओढ्याच्या पाण्यावरही फिरती ठेवली जातात. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरणसमयी मुलाला हाक मारतो, ते नाव नारायण असते, आणि तेवढ्यावर यमदूतांच्या पाशातून त्याची सुटका होते. उलट बोटे मणी ओढीत असताना मन भलतीकडे भटकत असेल तर त्या जपाला काय अर्थ, असे संतवाङ्मय वारंवार विचारते. हाच प्रश्न सॉफ्टबॉलच्या सरावात, पिचिंग मशीनला जोडल्या जाणाऱ्या बॉल फीडरपाशी, अतिशय उघड्या रूपात उभा राहतो, कारण तेथे आवृत्तीमधून माणसाचा हात खरोखरच काढून घेतलेला असतो आणि उरलेल्या क्रियेत नेमके काय कमी झाले हे तपासून पाहता येते.

सॉफ्टबॉल 1887 मध्ये शिकागोत, बंदिस्त सभागृहात खेळण्याचा खेळ म्हणून जन्माला आला आणि आज महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतही तो खेळला जातो. स्त्रियांच्या वेगवान प्रकारात पिचर, म्हणजे खालून हात फिरवून चेंडू टाकणारी खेळाडू, बॅटर, म्हणजे फटका मारणारी खेळाडू, ज्या प्लेटजवळ उभी असते तिच्यापासून 43 फुटांवर, सुमारे 13.1 मीटरवर उभी असते. चेंडूचा घेर सुमारे 12 इंच आणि वजन 200 ग्रॅमला थोडे कमी असते. ताशी 60 मैल वेगाने आलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. पिचिंग मशीनच्या एका प्रचलित रचनेत दोन चाके परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असतात आणि त्यांच्यामधील फट चेंडूच्या व्यासापेक्षा कमी ठेवलेली असते, त्यामुळे फटीत शिरलेला चेंडू दोन्हीकडून दाबला जाऊन पुढे फेकला जातो. चाके एकावर एक असतील तर वरच्या चाकाचा वेग वाढविल्यास चेंडू प्लेटजवळ अधिक खाली बसतो आणि खालच्याचा वाढविल्यास उलटी फिरकी मिळून तो अपेक्षेपेक्षा वर राहतो. फीडर हा या यंत्राचा जोडभाग. तारांच्या वळत उतरणाऱ्या मार्गात सुमारे डझनभर चेंडू रांगेने बसतात, तळाशी एक लहान मोटर खाच असलेली तबकडी सावकाश फिरविते, खाचेत एका वेळी एकच चेंडू मावतो, आणि खाच पन्हळीच्या तोंडाशी आली की तो चेंडू घरंगळत चाकांमध्ये उतरतो. दोन चेंडूंमध्ये काही सेकंदांचे अंतर असते. ते फार कमी करता येत नाही, कारण प्रत्येक फेकीत चाकांचा वेग थोडा उतरतो आणि तो भरून येण्याआधीच पुढचा चेंडू आला तर तो प्लेटपर्यंत खाली पडलेला पोहोचतो.

फीडर नसतो तेव्हा हे काम माणूस करतो. प्रशिक्षक किंवा एखादी सहकारी खेळाडू यंत्राच्या मागे उभी राहते, चेंडू उंच धरून बॅटरला दाखविते, तिची नजर वर आली आहे आणि पाय रोवले गेले आहेत याची खात्री करते आणि मगच चेंडू पन्हळीवर ठेवते. या छोट्या कृतीत एक विचारणा असते आणि बॅटरच्या स्थिर होण्यात तिचे उत्तर असते. फीडरची तबकडी काहीही विचारीत नाही. बॅटरने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली तरी ती फिरतच राहते, आणि म्हणूनच फीडर चालू असताना हेल्मेटवाचून कोणी समोर जाऊ नये, हा नियम सरावाच्या मैदानावर कटाक्षाने पाळावा लागतो.

चेंडूफेकीतून माणूस वगळण्याची कल्पना जुनी आहे. चौथ्या मितीवर लिहिणारा गणितज्ञ चार्ल्स हॉवर्ड हिंटन याने 1897 मध्ये प्रिन्स्टन येथे बेसबॉलच्या सरावासाठी बंदुकीच्या दारूवर चालणारे यंत्र बनविले होते. त्या वगळण्याने खेळाडूपासून काय हिरावले जाते, हे मात्र दुसऱ्याच एका प्रसंगातून ध्यानात येते. 2004 मध्ये जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने अल्बर्ट पुहोल्स यांच्यासारख्या अव्वल बेसबॉल खेळाडूला बाद केले; अशा फलंदाजांची नजर मंद नव्हती, पण खालून फिरणाऱ्या हाताची, खांद्याची आणि मनगटाची भाषा त्यांच्या ओळखीची नव्हती. चेंडू सुटण्याआधीच बॅटर पिचरच्या शरीरावरून बरेच काही वाचीत असते, आणि यंत्रासमोर वाचायला शरीरच नसते. हाताने चेंडू देणारा माणूस निदान त्याची एक अंधुक खूण तरी शिल्लक ठेवतो.

पतंजलींच्या योगसूत्रांतील पहिल्या पादात अभ्यासाची, म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठीच्या यत्नाची, व्याख्या करून तो दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये, आणि तो सत्कारपूर्वक, म्हणजे करीत असलेल्या गोष्टीविषयी आदर बाळगून व्हावा. व्यासभाष्य या तिसऱ्या अटीचा संबंध तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा यांच्याशी जोडते. पतंजलींचा अभ्यास चित्तवृत्तींच्या निरोधासाठी आहे, खेळातील कौशल्यासाठी नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही अटींची ही मांडणी कोणत्याही दीर्घ सरावाला लावून पाहण्याजोगी आहे. फीडर पहिल्या दोन अटी उत्तम रीतीने पुऱ्या करतो: तो दमत नाही, कंटाळत नाही, सोबत्याची वाट पाहायला लावत नाही, आणि एकटी खेळाडूही त्याच्या आधारे तासभर सराव करू शकते. तिसरी अट तो पुरी करू शकत नाही, आणि तो कशाचाही आदर करीत नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही. पूर्वी हा आदर दोघांत वाटला गेला होता, त्याचा काही भाग चेंडू दाखविणाऱ्या हाताकडे होता. आता तो सगळा बॅटरच्या एकटीच्या वाट्याला येतो.

हा भार पेलला नाही तर काय होते, याचे नेमके निदान फ्रेंच तत्त्वज्ञ फेलिक्स राव्हेसाँ याच्या सवयीवरील 1838 च्या प्रबंधात सापडते. सवयीचा नियम दुहेरी आहे असे तो मांडतो: जे आपण केवळ सोसतो, ग्रहण करतो, ते आवृत्तीने बोथट होत जाते, आणि जे आपण करतो ते आवृत्तीने सुकर व बळकट होत जाते. ठरावीक अंतराने येणाऱ्या चेंडूपुढे या नियमाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी काम करतात. बॅटचा फटका दिवसेंदिवस सफाईदार होतो, आणि त्याच वेळी चेंडू पाहणे मंदावत जाते, कारण मोटरची घरघर आणि पन्हळीवरचा खडखडाट यांवरून वेळ कानाला पाठ होते व बॅट डोळ्यांच्या आज्ञेशिवायच निघते. ज्या खेळाडूचा फटका यंत्रापुढे निर्दोष असतो तीच सामन्यात वेग बदलून टाकलेल्या पहिल्याच संथ चेंडूवर फार लवकर बॅट फिरविते, याचे कारण येथे आहे. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात बजावले आहे की लायर हे तंतुवाद्य वाजवूनच चांगले वादक घडतात आणि वाईट वादकही वाजवूनच घडतात. फीडर गुण आणि दोष दोन्ही सारख्याच निष्ठेने घटवून घेतो.

मग अजामिळाचे काय? अवधानावाचून झालेल्या उच्चाराला फळ मिळाल्याचे उदाहरण म्हणून ही कथा सांगितली जाते, पण ती बारकाईने वाचली तर तसा निष्कर्ष निघत नाही. अजामिळाच्या हाकेत देवाचे स्मरण नव्हते हे खरे, तथापि मरणभयाने व्याकुळ झालेला म्हातारा आपल्या सर्वांत लाडक्या मुलाला हाक मारीत होता, आणि त्या हाकेत त्याचा सगळा जीव गोळा झालेला होता. तिची दिशा चुकली होती, तीव्रता पूर्ण होती. तिला यांत्रिक म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय तेथील फळ नामाच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, उच्चारणाऱ्याच्या कौशल्यावर नाही, आणि चेंडूच्या ठायी असे कोणतेही सामर्थ्य नाही. कृपेच्या क्षेत्रात जे संभवते ते सरावाच्या क्षेत्रात गृहीत धरता येत नाही.

सरावातील फटका नेमका कोणाचा, हा कर्त्याचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करण म्हणजे इंद्रियादी साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव; आणि ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. यंत्रामागे माणूस उभा असतो तेव्हा चांगला बसलेला फटका दोघांचा आहे हे बॅटरला डोळ्यांनी दिसते. फीडर लावल्यावर ती मैदानावर एकटी असते आणि फटका आपला एकटीचा आहे असे वाटणे सोपे होते, जरी पन्हळीची रेषा चाकांच्या फटीशी जुळविणारे, झिजलेल्या शिवणीचे चेंडू वेचून बाजूला काढणारे आणि चाकांतील हवा पाहणारे हात त्या फटक्यात तितकेच सामील असतात.

फीडरच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद मात्र याच ठिकाणी निघतो. अ‍ॅरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथात कल्पिले होते की धोटे आपोआप विणू लागले तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. चेंडू आपोआप सुटू लागले तर यंत्रामागे जखडलेला प्रशिक्षकही मोकळा होतो. तो बॅटरच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर, जाळीआड उभा राहू शकतो, आणि तेरा मीटरवरून जे कधीच दिसत नव्हते ते, म्हणजे मागच्या पायाची टाच केव्हा उचलते आणि कोपर शरीरापासून किती सुटते, ते त्याला दिसू लागते. प्रशिक्षक असा जवळ आला तर सत्कार कमी न होता वाढतो. मोकळ्या झालेल्या वेळात तो मैदान सोडून निघून गेला तर फीडरवर घेतलेले सर्व आक्षेप खरे ठरतात. त्यामुळे फीडर वापरावा की नाही याचा निवाडा, सुटलेला हात पुढे कोठे जातो हे पाहिल्यावाचून करता येत नाही.

जास्त चेंडू मावणारा फीडर अधिक चांगला, असे सहज मानले जाते. पण डझनभर चेंडू संपले की तबकडी रिकामी फिरते, यंत्र बंद करून मैदानभर पांगलेले चेंडू गोळा करावे लागतात, आणि सरावाच्या सातत्यात पडणारा हा खंड बॅटरला आधीचे बारा फटके आठवून पुढच्या बारांत नेमके काय साधायचे ते ठरविण्याची सवड देतो. संथ चेंडूंसाठी चाकांचा वेग उतरविणे किंवा तबकडीची लय बदलून कानाला पाठ झालेली वेळ मोडणे, हेही त्याच वेळी करता येते.