भेटीची परवानगी

दादर-गिरगावातल्या घरात परदेशातलं स्थळ सांगून आलं की चौकशी कसून होते. शिक्षण, पगार, घराचं कर्ज, आजोळ, पत्रिका, पुढेमागे आईवडिलांना तिकडे नेणार का, सगळं विचारलं जातं. एक प्रश्न मात्र बऱ्याच बैठकांत राहून जातो. मुलगा अमेरिकेत नेमका कोणत्या कागदावर राहतो? एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डावर, की तो तिथला नागरिक झालेला आहे? ‘तिकडे सेटल आहे’ एवढ्या उत्तरावर याद्या होतात, हॉल ठरतो. लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलगी नवऱ्याला विमानतळावर सोडून परत येते, आणि ती स्वतः कधी जाणार हे दोन्ही घरांत कुणालाच नक्की माहीत नसतं.

त्या कागदावर पुढचं सगळं ठरतं. एच-१बीवाल्याची नोकरी तात्पुरती, मुक्कामही तात्पुरता. पण त्याच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो आणि सगळं सुरळीत असेल तर काही महिन्यांत ती त्याच्याजवळ असते. तिला नोकरीची मुभा २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापुढे गेलेलं असेल तरच. तरी दोघं एका घरात राहतात. नागरिकाच्या बायकोला कायदा निकटची नातेवाईक मानतो, तिच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण अर्ज, छाननी आणि मुलाखत यांत वर्ष सहज उलटतं, बरेचदा त्याहून अधिक. सगळ्यात अवघड दशा ग्रीन कार्डधारकाच्या बायकोची. तिला एफ-२ए नावाच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्या रांगेतून दरवर्षी किती जणांना आत घ्यायचं याची संख्या ठरलेली आहे. तात्पुरत्या माणसाची बायको जवळ आणि कायमच्या रहिवाशाची बायको समुद्रापलीकडे, असा हा कायदा आहे. मला यात कुठलंही शहाणपण दिसत नाही.

त्यातही मुहूर्ताचा एक विचित्र भाग आहे. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळणाऱ्या माणसाचं लग्न कार्ड मंजूर होण्याआधी झालेलं असेल, तर बायकोला त्याच्याच प्रकरणाच्या आधाराने मागोमाग जाता येतं. कार्ड हातात पडल्यानंतर लग्न झालं, तर तिच्यासाठी नवा अर्ज आणि नवी रांग. आठ दिवसांच्या फरकाने दोन वर्षांचा, तीन वर्षांचा विरह पदरी येऊ शकतो. पंचांग पाहणाऱ्या घरांनी हेही पाहायला हवं.

अर्जाची वाट अशी. नवरा आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे नवऱ्याने उत्पन्नाची हमी द्यायची. ते उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के हवं. बायकोने पोलिसांचा दाखला मिळवायचा, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यायची आणि मुलाखतीला जायचं. ही मुलाखत पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होत असे. गिरगावकरांना पहाटेची ती रांग आठवत असेल. २०११च्या नोव्हेंबरात वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. स्थलांतराच्या व्हिसासाठी देशभरातून माणसं आजही मुंबईतच येतात.

कागदांच्या या वाटेत मराठी बायकांची स्वतःची अशी एक अडचण आहे, ती नावाची. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावही नवं ठेवतात. जन्माचा दाखला एका नावाचा, पदवी त्याच नावाची, लग्नाचं प्रमाणपत्र दोन्ही नावांचं आणि पासपोर्ट तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेला. मग राजपत्रात नाव छापून घेण्याची धावपळ सुरू होते. हे राजपत्र छापणारं शासकीय मुद्रणालय चर्नी रोडला, म्हणजे गिरगावच्या दारातच आहे. कित्येक नव्या सुनांची अमेरिकेची वाट तिथून गेली. नाव बदलायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण अर्ज भरण्याआधी तो एकदाचा मिटवावा आणि सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवावं, म्हणजे निदान या कारणाने फाइल अडकत नाही.

लग्न खरं आहे याचाही पुरावा लागतो. लग्नपत्रिका, फोटो, वॉर्ड ऑफिसातली नोंद, एकत्र खातं, एकमेकांना केलेले फोन, एकत्र केलेले प्रवास, भाड्याचा करार. यातले निम्मे पुरावे एकत्र राहणाऱ्यांकडेच असतात. ज्यांना एकत्र राहू दिलेलं नाही त्यांनी ते आणायचे कुठून? म्हणून भेटीला इतकं महत्त्व येतं. वाट पाहण्याच्या काळात दोघं भेटली, चार आठवडे एका छताखाली राहिली, तर तो मनाचा आधार असतो आणि फाइलमधला पुरावाही.

आणि नेमकी ही भेटच सगळ्यात कठीण करून ठेवलेली आहे. अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यातलं कलम २१४(बी) असं गृहीत धरतं की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायला निघाला आहे; तसं नाही हे त्याने खिडकीपाशी उभं राहून पटवून द्यायचं. जिच्या नावाने आय-१३० दाखल आहे तिने हे कसं पटवावं? तिचा इरादा सरकारकडेच लेखी नोंदलेला आहे. अर्ज प्रलंबित असताना भेटीला जायला कायद्याची सरसकट मनाई नाही. ‘मला पुढे रीतसर कायमचं जायचं आहे’ आणि ‘या खेपेला मी महिन्याभराने परत येणार आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पण दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत दुसऱ्या वाक्यावर विश्वास बसणं अवघड असतं, नकाराविरुद्ध अपील नसतं, आणि पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा फी भरायची.

इथे काही सल्लागार हळूच सुचवतात की अर्जाचं सांगूच नका. हा सल्ला संसार उद्ध्वस्त करणारा आहे. तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, हा प्रश्न व्हिसाच्या फॉर्मवर सरळ विचारलेला असतो. त्याला खोटं उत्तर दिलं आणि ते उघडकीला आलं, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. ती उठवायला वेगळी माफी मागावी लागते. नकार आला तर एक भेट बुडते, खोट्याने सगळंच बुडू शकतं. खरं सांगावं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, परतीचं तिकीट आणि अर्ज कुठवर आला आहे त्याचे कागद जवळ ठेवावेत. व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारतो, तेव्हाही तेच सांगावं.

अधिकाऱ्यांच्या संशयाला अजिबात आधार नाही असं मी म्हणणार नाही. नागरिकाची बायको पर्यटक म्हणून आत गेली आणि तिथे राहूनच तिने ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तर मुदत उलटून राहिलेली असली तरी तो मंजूर होऊ शकतो. आधीच तसा बेत आखून जाणं हा मात्र खोटेपणा ठरतो. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला तर ती वाट जवळजवळ बंदच आहे: मुदत उलटून १८० दिवसांहून अधिक राहून बाहेर पडली तर तीन वर्षं, वर्षभर किंवा अधिक राहिली तर दहा वर्षं प्रवेश नाही, असं १९९६चा कायदा सांगतो. म्हणजे वेळेवर परत न येण्यात सगळ्यात मोठं नुकसान तिचंच. खोट्या लग्नांना आळा म्हणून १९८६ पासून नव्या जोडप्यांना आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड देतात, मग दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. एवढा पहारा असताना भेटीचं दार इतकं घट्ट लावून घेण्याची गरज काय?

नवऱ्याने यावं, असं कुणी म्हणेल. येतो बिचारा. वर्षाच्या दोन-तीन आठवड्यांच्या रजेत येतो, आणि ग्रीन कार्डधारक सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर परतताना त्याच्या मुक्कामावरच प्रश्न उभे राहतात. इथे ती सासरी राहत असेल तर गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, नाहीतर दादरच्या घरात सासूसासऱ्यांबरोबर. नव्या जोडप्याला बोलायला जागा नसते, मग दोघं चौपाटीवर जाऊन बसतात. तो गेल्यावर ती उरते ‘वाट पाहणारी सून’ म्हणून. ‘आता काय, जायचंच आहे’ म्हणून तिने नोकरी सोडलेली असते. कधी घरच्यांनी सोडायला लावलेली असते. पुढच्या शिक्षणात प्रवेश घेत नाही, मूल आता की नंतर हेही ठरवता येत नाही. आणि शेजारीपाजारी भेटेल तो विचारतो, ‘व्हिसा आला का?’ ही वर्षं तिच्या पंचविशी-तिशीची असतात, ती कुणी परत देत नाही.

लालबाग-परळला ही ताटातूट नवी नाही. गिरण्यांत राबायला कोकणातून, साताऱ्याकडून पुरुष आले आणि बायका गावी राहिल्या. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. गाळ्यात पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, मनिऑर्डर पाठवायची आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला घर गाठायचं, अशी चाकरमान्यांची वर्षं गेली. तो विरह गरिबीने लादलेला होता आणि आपण त्याचं दुःख कधी लपवलं नाही. पण गावाकडून बायको निघालीच तर भाऊच्या धक्क्यावर तिला कुणी अडवत नव्हतं. अडचण होती ती तिला ठेवायचं कुठे याची. त्यांच्या पणतवंडांकडे आज न्यू जर्सीत तीन खोल्यांचं घर आहे, आणि त्या घराच्या मालकिणीला चार आठवड्यांसाठी आत यायला परवानगी मिळत नाही.

बायकोच्या येण्याकडे संशयाने पाहणं ही केवळ अमेरिकेची रीत नाही. १९७९च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी केली गेली. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि ती प्रथा थांबवावी लागली. ब्रिटनने आता मार्ग बदलला आहे: जोडीदाराला बोलवायचं तर उत्पन्नाची अट २०१२ साली १८,६०० पौंड होती, २०२४च्या एप्रिलात ती २९,००० पौंड झाली. अमेरिकेत २०२०च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका घोषणेने ग्रीन कार्डधारकांच्या बायकांचे व्हिसा थांबले, ते २०२१च्या फेब्रुवारीपर्यंत. त्या वेळी एफ-२एची तारीख खुली होती, म्हणजे रांगेत थांबावं लागत नव्हतं, अर्ज तयार होते, तरी जाता येईना. २०२३च्या एप्रिलपासून ती तारीखही पुन्हा मागे गेली, रांग परत लागली. आणि २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्युन्योझ खटल्यात सांगून टाकलं की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा घटनादत्त मूलभूत हक्क नाही. ज्या देशाने १९६५ साली कुटुंबं एकत्र आणण्याच्या तत्त्वावर नवा स्थलांतर कायदा केला, आणि त्याच कायद्यामुळे आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ शकले, त्या देशाचा हा निकाल मला फार खटकतो.

दुसरी वाट अस्तित्वात आहे, म्हणून हे सगळं लिहायचं. कॅनडाच्या २००१च्या स्थलांतर कायद्यात कलम २२(२) स्पष्ट म्हणतं की कायमचं राहण्याचा इरादा असणं हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. मुदत संपल्यावर माणूस परत जाईल एवढंच अधिकाऱ्याने पाहायचं. खुद्द अमेरिकेने २१ डिसेंबर २००० रोजी ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला होता. ग्रीन कार्डधारकांच्या बायकामुलांचा अर्ज तीन वर्षं अडकला असेल, तर त्यांना तिथे येऊन राहायची आणि काम करायची मुभा त्यात होती. पण त्या तारखेपर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरताच तो लागू होता, म्हणून आज त्याचा कुणाला उपयोग नाही. ती तारीख पुढे ढकलायला नवं तत्त्वज्ञान लागत नाही, संसदेची इच्छा लागते.

आपल्या हातात त्यातलं थोडंच आहे, पण जे आहे ते करू या. बैठकीत मुलाच्या कागदाचा प्रश्न मुलीनेच विचारावा, आणि उत्तर कागद पाहून घ्यावं; त्यात अपमान वाटून घेणारं घर असेल तर ते आधीच कळलेलं बरं. लग्नाची नोंद आठवड्याभरात करावी. व्हिसा हातात पडेपर्यंत तिने नोकरी सोडू नये, शिक्षण थांबवू नये, आणि सासरच्यांनी तिला तसं करायला सांगू नये. नवरा वर्षानुवर्षं अर्जच करत नसेल, नुसत्या तारखा देत असेल, तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या पत्नींसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. तिथे जाण्यात लाज नाही.

आणि एक मागणं अमेरिकेतल्या मराठी माणसांकडे. तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, त्याची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात, हजारो माणसं जमतात. त्यांतले कित्येक आता नागरिक आहेत, मतदार आहेत, स्थानिक प्रतिनिधींना नावाने ओळखतात. पुढच्या अधिवेशनात एक ठराव करा: ‘व्ही’ व्हिसा पुन्हा सुरू करावा, किंवा प्रलंबित अर्ज असलेल्या पतिपत्नींना भेटीसाठी वेगळा व्हिसा द्यावा. तो ठराव आपापल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीच्या हातात द्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. इथल्या मुली मत देऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारे तुम्हीच आहात.